गारगोटीचा वास

मराठी माणसाला आपल्या नाकाचा मोठा अभिमान. तो नाक वर करून चालतो, नाक मुरडतो, नाकानं कांदे सोलतो आणि जमलंच तर दुसऱ्याच्या नाकावर टिच्चून आपलं काम साधतो. एवढं सगळं करूनही चार लोकांत आपलं नाक कापलं जाईल ही भीती त्याला जन्मभर असतेच. माझं नाक कापलं वगैरे गेलं नाही. ते २०२१ च्या एप्रिलमध्ये नुसतंच गेलं. म्हणजे चेहऱ्यावर ते होतं, त्यावर चष्मा टेकत होता, पडसं झालं की ते इमानानं गळतही होतं. पण वास घेण्याच्या कामातून मात्र पेन्शनीत निघाल्यासारखं ते मोकळं झालं होतं. कोविड आला, ताप-खोकला घेऊन बारा दिवसांनी गेला, आणि जाताना माझा वास घेऊन गेला.

नाक गेलं म्हणजे जेवणाचं काय होतं हे ज्याचं जातं त्यालाच कळतं. जीभ बिचारी अडाणी. गोड, आंबट, खारट, कडू असल्या चार-पाच अक्षरांपलीकडे तिला वाचता येत नाही. तिखट ही तर चवच नव्हे, ती नुसती आग! बाकी आपण ज्याला चव चव म्हणतो ती सगळी घशाच्या मागच्या दारानं नाकात चढणाऱ्या वासाची करामत. तो दरवाजा बंद झाला की आमटी म्हणजे आंबट-खारट गरम पाणी, हापूस म्हणजे गोड चिखल, आणि बासमतीचा भात म्हणजे ओला कापूस. डॉक्टरांनी नाकाला व्यायाम सांगितला होता. लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी, चारही रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचे. मी तीन महिने संध्येला बसावं तसा चार बाटल्या पुढ्यात घेऊन बसत असे. देव काही पावला नाही.

आणि मग मी एक खोटं बोललो. आमची सौ. रोज पान वाढून झालं की समोर बसून विचारी, "आला का हो वास?" मी मान हलवली की तिचं तोंड एवढंसं होई. चाळीस वर्षं जिनं आपल्या हातच्या फोडणीवर घर जिंकलं, तिला रोज दोन वेळा 'नाही' म्हणणं काही सोपं नाही. श्रावणातल्या एका सोमवारी मी डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणालो, "आला!" त्या दिवशी घरात साखरभात झाला. केशराचा वास मी फार वाखाणला. त्यानंतर दोन वर्षं मी रोज दोन प्रयोग याप्रमाणे हे नाटक चालवीत होतो. नटाला निदान टाळ्या तरी मिळतात. मला दुसरी वाढ मिळे.

आमची मुलगी पॅरिसला एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचं काम करते. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा तिनं मोठ्या उत्साहानं जाहीर केलं, "बाबा, तुम्हांला मी साँसेरला नेणार आहे. वाइन आणि चीज एकाच डोंगरावरचं, आणि अशी जोडी साऱ्या फ्रान्समध्ये नाही!" ज्याचं नाक गेलं आहे त्याला वाइन चाखायला नेणं म्हणजे बहिऱ्याला गाण्याच्या बैठकीचं पहिल्या रांगेचं तिकीट काढून देण्यासारखं. पण हे सांगणार कसं? सौ. शेजारीच बसली होती. मी म्हणालो, "वा!"

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनावरून गाडीनं दोन तासांत आपण ल्वार नदीकाठच्या कोन नावाच्या गावी उतरतो आणि तिथून टॅक्सीनं साँसेर गाठतो. सपाट रानातून एकाएकी एक गोल टेकडी वर आलेली दिसते आणि तिच्या डोक्यावर हे गाव शिंदेशाही पगडी घातल्यासारखं ऐटीत बसलेलं असतं. टेकडीची उंची जेमतेम तीनशे मीटर. आपल्याकडे असल्या उंचीला कोणी डोंगर म्हणणार नाही. पण साँसेरकर तिच्याकडे सिंहगडाकडे बघावं तसं बघतात, आणि त्याला कारणही तसंच आहे.

१५७२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांची मोठी कत्तल झाली. जे जिवानिशी सुटले त्यांतले बरेच या टेकडीच्या आश्रयाला आले. १५७३ च्या आरंभी राजाच्या फौजेनं गावाला वेढा घातला तो ऑगस्टपर्यंत. तटबंदी हटेना, तेव्हा भुकेला पुढे केलं गेलं. त्या वेळी गावात झाँ द लेरी नावाचा एक धर्मोपदेशक होता. हा गृहस्थ तरुणपणी ब्राझीलला जाऊन आलेला, आणि परतीच्या प्रवासात जहाजावरचं अन्न संपल्यावर कातडं उकडून खाल्लेला. तीच विद्या त्यानं साँसेरच्या लोकांना शिकवली. घोडे संपले, कुत्री-मांजरं संपली, उंदीर संपले. मग लोकांनी जनावरांची कातडी भिजवून, खरवडून, शिजवून खाल्ली, आणि शेवटी चामड्यावर लिहिलेले जुने दस्तऐवजसुद्धा. लढाईत पडले त्यांच्यापेक्षा भुकेनं मेले ते कितीतरी जास्त. लेरीनं पुढं या वेढ्याचा वृत्तान्त लिहिला. गाव शरण आलं, तट पाडले गेले, पुढं १६२१ मध्ये किल्लाही पाडला. आज त्या किल्ल्याचा एकच बुरूज उभा आहे. त्याच्यावर चढून पाहिलं तर खाली ल्वार, आणि चहूकडे उतारावर विंचरल्यासारख्या द्राक्षांच्या ओळी.

त्या बुरुजावर उभं राहून मुलीनं ही हकिगत सांगितली तेव्हा सौ.नं "अगं बाई!" म्हणून पदराचं टोक तोंडाला लावलं. माझ्या मनात मात्र एक भलताच विचार आला. उकडलेलं कातडं! मीही दोन वर्षं तेच खात होतो की. फक्त माझ्यावर कुणी वेढा घातला नव्हता, आणि कातड्याला फोडणी रोज ताजी मिळत होती. असले विचार त्या भुकेल्या माणसांपुढं शोभत नाहीत हे कळत होतं. पण विचार काय, विचारून थोडेच येतात?

साँसेरपासून चारेक किलोमीटरवर शाविन्योल नावाचं खेडं आहे. एक चर्च, एक वळणाचा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना इतके खडे उतार की त्यांतल्या एकाचं नावच 'शापित डोंगर' असं पडलं आहे. तिथं वेलीची निगा राखायची म्हणजे माणसाच्या पाठीचा नुसता पिट्टा पडतो. आम्ही गेलो तेव्हा तोडणीची धांदल चालू होती. ज्यांच्याकडे गेलो त्या बाई साठीच्या असतील. रबरी बूट, हाताला द्राक्षाच्या रसाचा चिकटा, आणि चेहरा आपल्याकडच्या एखाद्या करत्यासवरत्या काकूंसारखा. त्यांनी आम्हांला तळघरात नेलं. तिथं छान गारवा होता. पांढरी वाइन फ्रीजमधून काढून बर्फासारखी पिऊ नये, असं त्या सुरुवातीलाच म्हणाल्या. गारठलेल्या पाहुण्यासारखी ती तोंड मिटून बसते. दहा-बारा अंशांवर ती बोलू लागते.

टेबलावर प्रत्येकी तीन पेले मांडले होते, आणि शेजारी एक उभट भांडं. ते थुंकण्यासाठी होतं. वाइन तोंडात घोळवायची, खुळखुळवायची आणि पचकन् भांड्यात टाकायची, असा तिथला शिष्टाचार आहे. 'थुंकू नये' या पाट्या वाचत ज्याचं आयुष्य गेलं त्याला हे जरा जडच गेलं. शिवाय आमच्या वडिलांनी दारूच्या थेंबाला कधी शिवलं नव्हतं आणि मुंबई राज्याच्या दारूबंदीचं ते मनापासून कौतुक करीत. त्यांचा मुलगा परक्या देशात तळघरात बसून वाइन पितोय यापेक्षा तो ती थुंकतोय, हे पाहून त्यांना थोडंफार समाधान वाटलं असतं.

तिन्ही पेल्यांत द्राक्ष एकच, सोव्हिन्यों ब्लाँ. फरक होता तो मातीचा. साँसेरला तीन माती. पहिली 'कायोत', म्हणजे चुनखडीच्या लहान खड्यांची. तिची वाइन लवकर तयार होते आणि पोरीसारखी खिदळते. दुसरी 'तेर ब्लाँश', पांढरी माती. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता आणि त्यातले स्वल्पविरामाच्या आकाराचे शिंपले या मातीत अजून सापडतात. तिची वाइन भारदस्त, वेळ घेणारी. तिसरी सिलेक्स, म्हणजे चकमकीचा दगड. ही बहुतेक पूर्वेकडे, साँसेरच्या टेकडीवर आणि नदीच्या बाजूला. बाईंचा तिकडेही एक तुकडा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या द्राक्षबागा साफ केल्या. त्याआधी साँसेरमध्ये लाल वाइनच्या काळ्या द्राक्षांचं राज्य होतं. नव्यानं लागवड झाली तेव्हा सोव्हिन्योंनं इथं घर केलं, आणि १९३६ मध्ये इथल्या पांढऱ्या वाइनला सरकारी नावाचा शिक्का मिळाला.

मी त्यांना सांगितलं की हेच द्राक्ष आमच्या नाशिककडेही १९९७ पासून लावताहेत, आणि तिथं तोडणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान होते. बाईंनी आपल्या बाहेरच्या सप्टेंबरच्या उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग मी हिवाळ्यात तुमच्याकडेच नोकरीला येते!"

पहिला पेला झाला आणि माझी परीक्षा सुरू झाली. "काय वास येतोय?" बाईंनी विचारलं. सोव्हिन्योंच्या वासाला जाणकार लोक काय काय म्हणतात याची मुलीनं गाडीत उजळणी करून घेतली होती. लिंबू, पपनस, ताजं कापलेलं गवत, हिरवी ढोबळी मिरची; आणि कित्येक जण तर सरळ मांजराच्या मुताचं नाव घेतात, तेही कौतुकानं! मी त्यातलं त्यात सभ्य निवडून म्हणालो, "लिंबू... पांढरी फुलं..." बाई हसल्या. "हे तर बाटलीमागच्या कागदावर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "नाक राहू द्या. जिभेला काय होतंय ते सांगा."

जीभ! ती तर माझीच होती, शाबूत होती. मी घोट घेतला आणि खरं खरं सांगू लागलो. आंबटपणा आधी टोकाशी येतो, मग दोन्ही कडांनी पळत मागं जातो, गालांतून पाणी सुटतं, आणि गिळल्यावरही बराच वेळ ते पाणी सुटतच राहतं. शेवटी किंचित खारटसं काहीतरी. बाईंनी मान डोलावली. "एवढंच समजलं तरी पुरे. जेवणाबरोबर पांढरी वाइन लागते ती या पाण्यासाठी," त्या म्हणाल्या, आणि उठून चीजची फळी घेऊन आल्या.

शाविन्योलचं चीज बकरीचं, आणि त्याचं नाव क्रोत्तँ. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ घोड्याची लीद! जुनं, वाळलेलं चीज तसं दिसतं म्हणून नाव पडलं असं काही म्हणतात; दुसरे म्हणतात की मातीच्या पणतीला इकडच्या बोलीत 'क्रो' म्हणत, त्यावरून. दिवाळी अंकाच्या वाचकांसाठी मी पणती पसंत करतो. आपल्या पेढ्यांचा थोरला भाऊ शोभेल असा चपटा गोळा, वजन साठेक ग्रॅमच्या पुढं. नवरा द्राक्षाच्या ओळींत राबे, आणि बायको बांधावर दोन-चार बकऱ्या चारी. बकरी ही सगळ्या जगात गरिबाची गाय. किडीनं बागा गेल्या त्या दिवसांत तर कित्येक घरांना तिनंच तारलं. निरशा दुधाचं विरजण लावायचं, साच्यात निथळत ठेवायचं, मीठ लावायचं आणि निदान दहा दिवस मुरू द्यायचं, अशी कृती.

फळीवर तीन वयांचे क्रोत्तँ होते. एक दुधाळ, पांढरं; एक निळसर बुरशीची झालर चढलेलं; आणि एक वाळून सुपारी झालेलं. मी पहिलं तोंडात टाकलं. आंबूस, पिठूळ, टाळूला चिकटणारं, चक्क्याचा जुना नातेवाईक म्हणा. त्यावर दुसऱ्या पेल्यातली, पांढऱ्या मातीची वाइन घेतली. आता आंबटावर आंबट म्हणजे तोंड वाकडं व्हायला हवं, झालं उलटंच. वाइन एकदम मवाळ झाली, जणू तिच्यात कुणी चिमूटभर साखर टाकली. यात जादू काही नाही. लाडू खाऊन चहा प्यायला की चहा बिनसाखरेचा लागतो ना? तसंच हे. चीजच्या आंबटाला सरावलेली जीभ वाइनचा आंबट मोजतच नाही. आणि वाइन तिच्या परीनं टाळूला चिकटलेला तो सगळा साय-लोण्याचा थर धुऊन काढते, म्हणून दुसरा घास पहिल्यासारखाच ताजा लागतो. दोघंही एकमेकांचा कडकपणा झाकतात. बाईंनी मुद्दाम एक लाल वाइनही थोडी दिली. तिच्यातल्या तुरटपणानं त्या चीजशी असं भांडण मांडलं की तोंडात खडू आणि कच्चं जांभूळ! निळ्या झालरीच्या चीजशी पांढरी वाइन बरोबरीनं बोलली. सुपारीवाल्यापुढं मात्र तिचा आवाज चढेना. तेव्हा बाईंनी तिच्याहून काही वर्षं मोठी बाटली काढली.

सौ. वाइन घेत नाहीच. चीज तरी घ्यावं म्हणून तिनं मुलीतर्फे विचारलं, दूध नासवायला काय वापरता? बाईंनी प्रांजळपणानं सांगितलं की वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटचे दोन-चार थेंब. सौ.नं फळी हळूच पुढं सरकवली आणि पिशवीतून आपला डबा काढला. त्यात सकाळी तळलेल्या कोथिंबिरीच्या वड्या होत्या. पॅरिसच्या ला शापेल भागात तमिळ मंडळींच्या दुकानात हिरवीगार कोथिंबीर मिळते. बाईंनी एक वडी उचलली, चावली, वर घोट घेतला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दुसरी उचलली. मग बाहेर जाऊन मुलाला हाक मारून आणलं. त्याला एक दिली, आणि आणखी एक आपण घेतली. सोव्हिन्योंचा तो हिरवा वास, कोथिंबीर आणि हिरवी मिरची ही मंडळी एकाच गोत्रातली आहेत, शिवाय तळणीचं तेल कापायला तो आंबटपणा असतोच, असं मुलगी म्हणाली. हा संबंध चाखून कळायला नाक लागतं. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

शेवटी सिलेक्सचा पेला. मी तो आता सवयीनं फिरवला, नाकाशी नेला, आणि थांबलो. काहीतरी होतं. अगदी बारीक. लिंबू नाही, फूल नाही. जळलेलं, कोरडं, दगडी. मी परत हुंगलं. प्रवरेच्या पात्रात, संगमनेरला, मी आठ वर्षांचा, चड्डीच्या खिशात दोन पांढऱ्या गारगोट्या. रात्री दिवे गेले की आम्ही पोरं पांघरुणाच्या आत त्या एकमेकींवर घासत असू. आत उजेड चमके, आणि मग नाक लावून आम्ही तो वास घेत असू.

"गारगोटी!" मी ओरडलो. "अगं, वास आला! अडीच वर्षांनी वास आला!"

तळघरात शांतता पसरली. आपण काय बोलून बसलो हे माझ्या लक्षात यायला दोन क्षण लागले. मुलगी बापाकडे बघत होती. सौ. डब्याचं झाकण लावीत होती.

"इथले लोक याला बंदुकीच्या दगडाचा वास म्हणतात," मुलगी घाईघाईनं म्हणाली. "म्हणजे वेल काही दगड खात नाही, बाबा. वाइनमध्येच गंधकाची काही संयुगं तयार होतात..." ती रसायनशास्त्र सांगत राहिली. बापाची अब्रू झाकायला लेकीजवळ त्या घडीला एवढंच पांघरूण होतं.

दुपारी नदीतल्या माशावर लोण्याची रस्सेदार पखरण घालून आलेली थाळी मी जेवलो. चांगली असावी. वास पुन्हा आला नाही.

रात्री गावातल्या लहानशा हॉटेलात खोलीचा दिवा मालवल्यावर मी म्हणालो, "तुला राग आला असेल."

"कशाचा?"

"दोन वर्षं मी..."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "गेल्या वर्षी जूनमध्ये हिंग संपला होता. दुकानदारानं आठ दिवस आणून दिला नाही. आठ दिवस आमटीत हिंग नव्हता. आणि तुम्ही रोज म्हणत होता, आज हिंगाचा वास कसा खमंग सुटलाय!"

मी गप्प.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मनापासून खोटं बोलत होता," ती म्हणाली. "मोडवेना."

थोड्या वेळानं अंधारात ती उठली. पिशवीत काहीतरी चाचपडण्याचा आवाज आला. बाईंच्या सिलेक्सच्या बागेवरून येताना रस्त्याकडेचे दोन दगड तिनं उचलले होते, मला न सांगता. ती पलंगाच्या काठावर बसली आणि तिनं ते एकमेकांवर जोरात घासले. एक पिवळट चमक उठली आणि विझली. तिनं दगड माझ्या नाकाशी धरले.

"येतोय?"

"नाही," मी म्हणालो.

पुन्हा चमक. "आता?"

"नाही गं."

शेजारच्या खोलीतून मुलीनं भिंतीवर टकटक केली. "आई, बाबा, काय फोडताय?"

"काही नाही, तू झोप," सौ. म्हणाली आणि तिनं बाह्या सावरल्या. या खेपेला चांगला घासला. मी श्वास घेतला.

"आला," मी म्हणालो. "जरासा."

"हिंगासारखा?"

"नाही. गारगोटीसारखा."